विमानातली खुशाली

विमानाचं तिकीट काढायला कुणी आलं की मी आधी त्याला पाणी देते. पुढं भांडण होणार असतं, म्हणून. भाडं सांगेपर्यंत सगळं गोड असतं. ‘अहो ताई, एवढ्यात तर स्लीपर गाडीसुद्धा येत नाही,’ असं म्हणून माणूस हसतो, घरी फोन लावतो, विमानच ठरलं म्हणून सांगतो. मग माझ्या पडद्यावर विमानाचं चित्र येतं. निळे, हिरवे, जांभळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनावर किंमत. खिडकी पाहिजे तर वेगळे पैसे. पाय जरा लांब करायचे तर त्याचे वेगळे. नवरा-बायकोला एकमेकांशेजारी बसायचं असेल तर त्याचेही वेगळे.

‘आत्ता तिकीट काढलं ना? मग हे कशाचं?’

‘जागेचं.’

‘आणि आधीचं कशाचं होतं मग?’

इतकी वर्षं हे दुकान चालवतेय, पण या प्रश्नाला अजून मला धड उत्तर सुचलेलं नाही. विमान माझं नाही, कंपनी माझी नाही, मी फक्त बटणं दाबते, हे सांगून सांगून घसा बसलाय. पैसे नाही भरले तर कॉम्प्युटर वाटेल तिथं बसवतो, हेही सांगते. लोकांना वाटतं मीच बसवते. संध्याकाळी शटर ओढायला हात वर करायचा म्हटलं तरी जिवावर येतं.

आता माझं दुकान इंदापूरला आहे. नवरा लोणी देवकरच्या कंपनीत शिफ्टला असतो, त्याचं रोजचं जाणं-येणं वाचतं म्हणून बारामती सोडली, असं मी सगळ्यांना सांगते. बारामतीत माझा गाळा ज्यांचा होता, त्या मालकांविषयी मात्र मी फारसं कुणाशी बोलत नाही. या जागेच्या पैशांवरून जेवढी डोकेफोड त्यांनी केली, तेवढी दुसऱ्या कुणी केली नसेल. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मीही म्हणायचे. खाली माझं झेरॉक्स आणि तिकिटांचं दुकान, वर आबा आणि काकी, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला आबा जिना उतरून माझ्या दारातल्या खुर्चीत हजर.

नोकरी त्यांनी नीरेकाठच्या एका साखर कारखान्यात केली, शेतकी खात्यात. कुणी कधी ऊस लावला त्याची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीप्रमाणं तोडणीची टोळी पाठवायची, हे त्यांचं काम. आधी ज्याची लागण, आधी त्याची तोड. ऐकायला सरळ वाटतं. पण ऊस तयार झाल्यावर रानात जेवढा उभा राहील तेवढा वजनाला घटतो, म्हणून सगळ्यांनाच घाई. मग कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणायचं, कुणी टोळीच्या मुकादमाला वर काहीतरी द्यायचं. त्या वरच्या देण्याला आमच्याकडं खुशाली म्हणतात. नाव बघा केवढं गोड! देणाऱ्याच्या तोंडावर खुशी शोधून सापडत नाही.

आबांनी या खुशालीशी उभा जन्म भांडण केलं. सख्ख्या मेव्हण्याचा ऊस त्यांनी एप्रिलपर्यंत उभा ठेवला होता, नंबर आला नाही म्हणून. मेव्हणा पुढं कित्येक वर्षं बोलला नाही. एका वजनदार माणसाचा उसाचा फड नंबर सोडून मध्ये घालायला नकार दिला, तर आबांची बदली पार दुसऱ्या टोकाच्या गटात झाली. रोज सायकलवर वीस-वीस किलोमीटर. ती बदली ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांचा सत्कारच झाला होता.

निवृत्त झाले तरी नोंद काही सुटली नाही. खिशात प्लास्टिकच्या कव्हरची छोटी डायरी, शर्टाला पेन, आणि तोंडात एकच प्रश्न, ‘नोंद कवाची?’ आंबे आणले तर आधी आणलेले आधी खायचे, मग ते नासके का असेनात, आणि चांगल्यांची पाळी येईपर्यंत तेही नासायचे. काकी म्हणायच्या, ‘ह्यांच्या नादानं मी आख्ख्या जन्मात चांगला आंबा खाल्ला न्हाय.’ कुंड्यांना पाणी घालायचं तेसुद्धा ज्या क्रमानं रोपं आणली त्या क्रमानं. जिन्यात वर-खाली, वर-खाली. लेकीला स्थळं आली तेव्हा पहिल्यांदा आलेल्याला पहिला होकार-नकार झाल्याशिवाय दुसऱ्याची पत्रिका त्यांनी पाकिटातून बाहेर काढली नाही. तिसरं स्थळ चांगलं निघालं हे त्या पोरीचं नशीब.

माझ्या धंद्याची तर त्यांनी वाट लावायचीच काय ती बाकी ठेवली होती. एखादा वकिलाचा कारकून तीनशे पानं घेऊन यायचा, त्याच्या मागं कॉलेजची पोरगी एक पान घेऊन उभी. कुणीही म्हणेल, दे बाई तुझं एक पान आधी. मी हात पुढं केला की खुर्चीतून आवाज यायचा, ‘पोरी, नोंद कवाची?’ ती पोरगी पाच मिनिटं घड्याळ बघायची आणि शेजारच्या दुकानात जायची. ‘आबा, गिऱ्हाईक गेलं!’ मी चिडायचे. ‘जाऊ दे. न्याय तर न्हाय गेला,’ आबा थंडपणे म्हणायचे. न्यायानं लाईटबिल भरता येत नाही हे मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल. पण गाळ्याचं भाडं त्यांनी कधी वाढवलं नाही, आणि माझ्या पोराला ताप आला तर दुकान उघडून स्वतः बसायचे. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

लेकीनं बेंगळूरला फ्लॅट घेतला, तिच्या वास्तुशांतीला दोघं पहिल्यांदा विमानानं गेले. आबांनी पाच महिने आधी तिकीट काढलं. काढलं म्हणजे मी शटर वर करायच्या आत ते अंघोळ करून, टोपी घालून पायरीवर उभे. तिकीट निघालं ती वेळ त्यांनी डायरीत मिनिटासकट लिहून घेतली. ‘सगळ्यांत आदुगर नोंद आपली. म्हंजे पहिल्या बाकावर आपुन.’

मी सांगितलं, ‘आबा, तसं नसतं. जागा निवडायची तर पैसे पडतात.’

त्यांनी चष्मा वर करून पडद्यावरचे ते रंगीत चौकोन पाहिले. एकेक किंमत वाचली. मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, ‘ही खुशाली हाय.’

झालं! त्या दिवसापासून त्यांच्या लेखी विमान कंपनी आणि तोडणीचा मुकादम एकच. ‘तिकीट घितलं म्हंजे बसायचा हक्क घितला. बसायच्या हक्काला वर खुशाली मी मेलो तरी द्यायचो न्हाय.’

निघायच्या दोन दिवस आधी मोफत जागा मिळतात, त्या मी काढल्या. काकी चौदाव्या रांगेत, आबा एकविसाव्या, दोघं मधल्या जागेवर.

‘हे कुणी ठरवलं?’

‘कॉम्प्युटरनं.’

‘कशावरनं ठरवलं?’

‘कशावरनं नाही आबा. असंच.’

‘असंच?’ पैशांपेक्षा त्यांना हे ‘असंच’ जास्त लागलं. दिवसभर मधूनच मान हलवून पुटपुटायचे, ‘असंच म्हनं.’

परत आल्यावर काकींनी मला सगळा वृत्तांत दिला, हसून हसून डोळे पुसत. ‘अगं, मी तर झोपले ढाराढूर. हे उठले की डायरी घिऊन. येकेका बाकावर जाऊन, तुमी तिकीट कवा काढलं, तुमी कवा काढलं! अर्ध्या इमानाची नोंद लिवली ह्यांनी. ती हवाईसुंदरी बिचारी हात जोडून म्हणती, सर, बसा, सर, बसा. हे म्हणत्यात, कुठं बसू त्येच बघतुय.’ आबा बाजूला गंभीर बसून होते. एका माणसानं आदल्या दिवशी तिकीट काढून खिडकी मिळवली होती, हे त्यांना आठ दिवस पचलं नाही.

काकींचं ते शेवटचं भरभरून बोलणं म्हणून माझ्या लक्षात राहिलंय. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, आणि वाचा गेली. अगदीच गेली असं नाही. ‘अगं बाई’ एवढे दोन शब्द राहिले. तहान लागली तरी अगं बाई, पाय दुखला तरी अगं बाई, राग आला, पोरीची आठवण आली, तरी अगं बाईच. आम्हाला कुणाला काही कळायचं नाही. आबांना कळायचं. मी स्वतः पाहिलंय. काकींना खाली आणून माझ्या दारात बसवायचे, त्या ‘अगं बाई’ म्हणाल्या की आबा उठून पंखा बारीक करायचे, नाहीतर पायाखाली पाट सरकवायचे, आणि काकींचा चेहरा निवायचा. एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, तर आबा म्हणतात, ‘तुझं डोळं सुजल्यात म्हणती. रातीला झोपली न्हाईस का?’ खरंच झोपले नव्हते मी.

बेंगळूरला एका दवाखान्यात अशा माणसांना नव्यानं बोलायला शिकवतात, तीन महिने तिथं राहायचं, असं लेकीनं ठरवलं. विमानानं दीड-दोन तासांत पोचवायचं. पण दीड तास का होईना, काकींना आबांशेजारीच बसवायला पाहिजे होतं. पाणी मागायचं म्हटलं तरी त्यांचं बोलणं जगात एकाच माणसाला कळत होतं. लेकीनं फोनवर रडून सांगितलं, ‘बाबा, शेजारच्या जागा घ्या, मी पैसे पाठवते.’ आबा म्हणाले, ‘तू एक रुपाया जरी भरलास तरी मी येणारच न्हाय. नंबरानं मिळत्याल.’ ती घाबरून गप्प झाली. बापाला ओळखून होती.

मोफत जागा उघडायच्या वेळी आबा वर काकींना जेवू घालत होते. मी एकटीच पडद्यासमोर. दोन जागा शेजारीशेजारी दिसत होत्या, खिडकीची आणि तिच्या लगतची. मी माझ्या खात्यातून पैसे भरले. मोठं काही केलं असं तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. एका दिवसाची झेरॉक्स गेली म्हणायची. चूक पुढं झाली. आबा खाली आले तेव्हा मी तोंड भरून खोटं बोलले. ‘आबा, मिळाल्या! शेजारीशेजारी! तुमचा नंबर लागला.’

अहो, त्या माणसाचा चेहरा! मी पुढं भाडेकरू म्हणून, शेजारीण म्हणून, कशीही त्यांना आठवलं तरी त्या क्षणाचा तो चेहरा आधी येतो. त्यांनी डायरी काढली, वेळ लिहिली, जागा लिहिल्या आणि दोनदा खाली रेघ मारली. म्हणाले, ‘बगितलंस? दम धरला तर कंपनी बी सुधारती.’ आणि पेढे आणायला गेले.

निघायला दोन दिवस होते. तेवढ्यात त्यांनी आख्खी बारामती पालथी घातली. कालव्यावर सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक, चहाची टपरी, दाढीचं दुकान, दूध डेअरी. सगळीकडं एकच सांगणं, खुशाली न देता विमानात जागा मिळते, फक्त नोंद वेळेवर पाहिजे. आमच्या खालच्या ताईकडं जा, ती करून देती. बेंगळूरला पोचल्यावर फोन करकरून सांगत होते ते वेगळंच. प्रवास छान झाला होता. काकींनी उतरेपर्यंत त्यांचा हात सोडला नव्हता.

इकडं माझी शोभा झाली. रोज कुणीतरी उभं, ‘आबांना मिळाली तशी जागा काढा.’ मी काय सांगणार? म्हणायचे, नशिबाचा भाग असतो. आबांच्या लेकीचासुद्धा फोन आला, ‘ताई, खरंच मिळतात का हो अशा?’ मी म्हटलं, ‘मिळतात कधीकधी.’ एकदा तोंडातून खोटं गेलं की पुढचं आपोआप जातं. माणसं चिडायला लागली. तीन महिने मी ऐकून घेतलं.

मग तो दिवस. आबा-काकींच्या परतीच्या विमानाच्या जागा त्या दिवशी दुपारी उघडणार होत्या. सकाळी डाळिंबवाले एक बागायतदार आले, घरातल्या चौघांची दिल्लीची तिकिटं होती. जागेचे पैसे सांगितल्याबरोबर काउंटरवर हात आपटून म्हणाले, ‘आबांला फुकाट, आन् आमाला पैशे? मग मधी कोण खातं?’

‘तोंड सांभाळून बोला,’ मी म्हटलं.

‘आबा खोटं बोलत्यात का मग? त्यो माणूस खोटं बोलत न्हाय, आख्ख्या तालुक्याला ठाव हाय. म्हंजे तुमीच.’

दुकानात पाच-सहा माणसं. रात्रपाळी करून आलेला माझा नवरा आत चहा पीत होता. बागायतदार गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘खरंच काय गं?’ घरच्या माणसानं असं विचारावं! सगळ्या अंगाची आग झाली. खरं सांगावं तर आबांची पत जाते, नाही सांगावं तर माझी गेलीच होती. आणि हे सगळं कुणापायी? तर स्वतःच्या हट्टापुढं बायकोचंही न बघणाऱ्या म्हाताऱ्यापायी.

दुपारी आबांचा फोन आला. ‘पोरी, उघडलं का बग.’ उघडलं होतं. दोन जागा शेजारीशेजारी होत्याही. माझं बोट पैसे भरायच्या बटणावर होतं. मी ते काढलं, आणि बाजूचं मोफतचं बटण दाबलं. मनात म्हटलं, कळू दे एकदा.

काकी नवव्या रांगेत मध्ये, आबा अठ्ठाविसाव्यात मध्ये.

‘आबा, लांबलांब आल्यात,’ मी सांगितलं. ‘पैसे भरले तर अजून बदलता येतील.’

‘मागल्या टायमाला मिळाल्या न्हवं? कायतरी चूक झाली असंल. इमानतळावर मांडतो मी. तू नगं काळजी करू.’

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी फोन ठेवला.

ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खाली उतरले. नेहमीच्या खुर्चीत बसले नाहीत, गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. दाढी वाढलेली. मी पाणी दिलं ते हातात धरून राहिले.

विमानतळावर त्यांनी काउंटरवरच्या मुलीपुढं आपलं गाऱ्हाणं मांडलं होतं, डायरी दाखवून. ती म्हणाली, सर, पैसे भरा, आत्ता देते. आबांनी भरले नाहीत. गेल्या वेळी नंबरानं मिळाल्या, मग आता का नाही, एवढंच विचारत राहिले. विमानात काकींशेजारच्या माणसाला त्यांनी विनंती केली. तो म्हणाला, मी या जागेचे पैसे भरलेत, मागं मधल्या जागेवर जाणार नाही. ‘त्याचं बरुबर हाय,’ आबा मला म्हणाले. ‘त्यो का उठंल?’ विमान भरलेलं. आबांना मागं जाऊन बसावं लागलं, आणि ढगांमुळं खुर्चीचे पट्टे सोडायला मनाई झाली.

काकींना लघवीला लागली होती. दवाखान्यात थोडंफार शिकवलं होतं, पण घाईला तोंडात आलं ते जुनंच. त्या शेजारच्याला म्हणत होत्या, ‘अगं बाई, अगं बाई.’ त्या माणसाला, तो नंतर आबांना म्हणाला तसं, वाटलं, आजी पहिल्यांदा विमानात बसल्यात, ढग बघून नवल वाटतंय. तो त्यांना बाहेरचे ढग बोटानं दाखवत राहिला. वाईट नव्हता बिचारा.

‘मागं मला ऐकू यीना गं,’ आबा म्हणाले. ‘इमानाचा आवाज केवढा. सगळी उतरली, आन् मी फुडं गेलो, तर ही बसूनच. उठंना. माझ्याकडं बगंना. सगळं लुगडं...’ ते थांबले. मग म्हणाले, ‘मी माझी शाल गुंडाळली. चाळीस वर्सांत ह्या बाईचा पदर कुणी ढळलेला बगितला न्हाय.’

 मग तेच म्हणाले,

‘चूक माझी हाय. तुला फोन करायला चार मिन्टं उशीर झाला मला. हिला घास भरवत व्हतो. चार मिन्टांत नंबर गेला आपला. तू बिचारी काय करणार.’

रात्रभर विचार करून त्यांनी हे कारण शोधलं होतं. मी गप्प बसले असते तर त्यांनी मरेपर्यंत त्या चार मिनिटांना धरून ठेवलं असतं. मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. पहिल्या वेळी पैसे मीच भरले होते. दुसऱ्या वेळी रागानं भरले नाहीत. नंबर वगैरे काही नसतो.

मला वाटलं ओरडतील, गाळा खाली कर म्हणतील. मला ते हवंही होतं. पण त्यांनी डायरी काढली आणि दोन रेघा मारलेलं ते पान उघडलं.

‘म्हंजे तवा बी न्हवता लागला.’

‘नाही.’

‘कुणाचाच लागत न्हाय?’

‘नाही आबा.’

त्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं. म्हणाले, ‘आमचं दोन एकर हाय. मी नोकरीत असताना दर साली बरुबर नंबरावर तोड यायची त्याला. मी लोकांना नेऊन दावायचो. बगा, छदाम न दिता. ही द्यायची.’

‘कोण?’

‘ही. मुकादमाच्या बायकूकडं. भाकरी बांधायच्या फडक्यात घालून. पहिल्याच साली मी बांधावरनं बगितलं.’

‘मग बोलला नाहीत?’

‘बोललो असतो तर ऊस उभा ऱ्हायला असता. आन् मग नंबरानं व्हतंय, खुशाली लागत न्हाय, हे लोकांना कुठल्या तोंडानं सांगितलं असतं? ती बी कवा बोलली न्हाय. मला ठाव हाय हे तिला ठाव व्हतं का, त्ये बी कळलं न्हाय. आता ईच्यारावं म्हटलं तर ती सांगणार कशी?’ मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुझं बी मला वळखू याया पायजे व्हतं. माझ्या नावानं बायांनीच खुशाली भरायची, आन् मी नोंद सांगत हिंडायचं.’

त्यानंतर ते खाली कमी यायला लागले. आले तरी पेपर वाचायचे. कुणी मध्ये घुसलं तरी मान वर करायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. मीच एकदा चिडून म्हटलं, ‘आबा, बोला की, नोंद कवाची म्हणा!’ ते नुसते हसले.

महिन्याभरानं बेंगळूरहून निरोप आला. काकींना परत दाखवायला आणा, पंधरा दिवस ठेवू, शिकवलेलं सुटायला नको. त्या सकाळी आबा माझ्या शेजारी, काउंटरच्या आत येऊन उभे राहिले. आत ते कधी येत नसत. खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

‘दाव ते चित्र.’

मी विमानाचं चित्र उघडलं. त्यांनी प्रत्येक रांग नीट पाहिली. संडास कुठं आहे विचारलं. तिथून जवळची रांग काढायला लावली. पाय लांब होतील का, खिडकीतनं ऊन येईल का, डाव्या अंगाला काय असेल, सगळं विचारलं. तिचा डावा हात चालतो, तेव्हा मी तिच्या डाव्या बाजूला पाहिजे, म्हणाले. अशी जागा सापडायला मला वेळ लागला, पण सापडली. एवढं बारकाईनं जागा निवडणारं गिऱ्हाईक मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. पैसे भरून पावती हातात दिली तेव्हा त्यांनी ती डायरीत न लिहिता घडी करून खिशात ठेवली.

‘सांगून येतो तिला,’ म्हणाले, आणि चांगले भराभर जिना चढून गेले. मलाही बरं वाटलं. त्यांच्यासाठी मी शेजारून चहा सांगितला.

चहा गार झाला तरी ते आले नाहीत. अर्ध्या तासानं कठड्याला धरत धरत उतरले.

‘काय झालं आबा?’

‘न्हाय म्हणती. इमानात न्हाय बसायचं.’

‘म्हणजे? काय म्हणाल्या?’

‘अगं बाईच म्हणाली, पर न्हाय म्हणती गं. डाव्या हातानं खाटंचा गज धरला आन् मान हलीवली.’ ते बाकड्यावर बसले. पावती काढून गुडघ्यावर सरळ करायला लागले. ‘मला कळलंच न्हाय असं दावलं मी. म्हटलं, व्हय, व्हय, खिडकीचीच घितलीया तुला. परत न्हायच म्हणाली.’